पिशवीतले कागद: कोरोनानंतर सावरताना सरपंच आणि नगरसेवक नेमकं काय करू शकतात?

समजा, एप्रिल २०२१ आहे. दुसरी लाट भरात आहे. एका गावातला अडतीस वर्षांचा माणूस तालुक्याच्या कोविड केंद्रात दाखल होतो, तिथून त्याला जिल्ह्याला हलवतात आणि नवव्या दिवशी तो जातो. अंत्यसंस्कार पालिकेची माणसं उरकतात. घरच्यांना त्याचा चेहरासुद्धा धड बघायला मिळत नाही. मागे राहतात बायको, चौथीतली मुलगी, पहिलीतला मुलगा, म्हातारी सासू, दीड एकर कोरडवाहू रान आणि सोसायटीचं कर्ज. काही महिन्यांनी ही बाई प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद घालून ग्रामपंचायतीच्या पायऱ्या चढते. पिशवीत दवाखान्याची फाइल, तपासणीचा अहवाल, दोघांची आधार कार्डं, रेशनकार्ड. समोर सरपंच बसलेले असतात. ती विचारते, आता मी काय करू?

ही बाई उदाहरणापुरती आहे. पण कोरोनाने महाराष्ट्रात अधिकृत नोंदीप्रमाणे सुमारे १ लाख ४८ हजार माणसं गेली, आणि त्यातल्या कितीतरी घरांतून अशी पिशवी बाहेर पडली.

लाट चालू असताना कोणी खाट मिळवून दिली, कोणी ऑक्सिजनची टाकी आणली, कोणी किराणा वाटला, यावरून आपण आपल्या लोकप्रतिनिधीला जोखतो. ते चूक नाही. त्या दिवसांत जो फोन उचलत होता, त्याला लोक जन्मभर विसरणार नाहीत. पण मला वाटतं, त्याची खरी परीक्षा लाट ओसरल्यावर सुरू झाली आणि बऱ्याच ठिकाणी ती अजून चालू आहे. ते काम फोटोत दिसत नाही. ते दाखल्यांत, ठरावांत आणि समितीच्या बैठकांत असतं. त्यात सरपंचाच्या किंवा नगरसेवकाच्या हातात कायद्याने काय आहे आणि काय नाही, हे कळलं तरच आपल्याला त्यांच्याकडे नेमकं काही मागता येतं. म्हणून हा लेख.

लाटेत अधिकार कोणाकडे होते

१८९६-९७ मध्ये मुंबई आणि पुण्यात प्लेगने थैमान घातलं, तेव्हा इंग्रज सरकारने १८९७ चा साथरोग कायदा केला. २०२० च्या मार्चमध्ये महाराष्ट्रात पहिले रुग्ण पुण्यात सापडले आणि त्यानंतर हाच सव्वाशे वर्षांचा कायदा लागू झाला. जोडीला २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा होता. या दोन्ही कायद्यांखाली हुकूम काढायचे अधिकार जातात ते सरकारकडे, जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि शहरात आयुक्तांकडे. बाजार बंद ठेवायचा की नाही, कोणता भाग प्रतिबंधित करायचा, कोणतं रुग्णालय ताब्यात घ्यायचं, यात निवडून आलेल्या सरपंचाची किंवा नगरसेवकाची सही लागत नव्हती. ‘तुम्ही निवडून आलात, मग काहीतरी करा ना’ असं लोक म्हणायचे तेव्हा समोरचा माणूस खरोखरच हतबल असायचा.

त्यात आणखी एक गोष्ट घडली होती, तिच्याकडे फारसं कोणाचं लक्ष गेलं नाही. २०२० मध्ये राज्यातल्या सुमारे १४ हजार ग्रामपंचायतींची मुदत संपली, साथीमुळे निवडणुका पुढे गेल्या आणि तिथे प्रशासक बसले. मग १५ जानेवारी २०२१ ला १४,२३४ ग्रामपंचायतींसाठी मतदान ठरलं. म्हणजे नवे सदस्य आले, सरपंच निवडले गेले, आणि दप्तर समजून घेईपर्यंत दुसरी लाट दारात होती. पहिल्यांदाच निवडून आलेल्या कितीतरी तरुण मुलामुलींचं सरपंचपदाचं पहिलं काम होतं शाळेच्या खोल्यांत विलगीकरण कक्ष उभा करणं.

तरीही काहींनी वाट काढली. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारचे पोपटराव पवार, मोहोळ तालुक्यातल्या घाटणेचे तरुण सरपंच ऋतुराज देशमुख आणि दक्षिण सोलापुरातल्या अंत्रोळीच्या सरपंच कोमल करपे यांची नावं तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी मे २०२१ अखेरच्या भाषणात घेतली. लगेच जूनमध्ये ‘कोरोनामुक्त गाव’ स्पर्धा जाहीर झाली. प्रत्येक महसुली विभागात पहिलं बक्षीस ५० लाखांचं होतं. या गावांकडे जादा अधिकार नव्हते. होतं ते एवढंच की आशा सेविका, शिक्षक, अंगणवाडी सेविका आणि तरुण पोरं यांना एका यादीवर आणणारं कोणीतरी तिथे होतं. ही यादी लक्षात ठेवा. पुढच्या सगळ्या कामाचं मूळ तिच्यात आहे.

पहिला कागद

आपल्या बाईच्या पिशवीत एक कागद नव्हता: मृत्यूचा दाखला. मृत्यू बाहेरगावी झाला, की तो गावात मिळतच नाही. मृत्यू जिथे झाला तिथल्या निबंधकाकडे त्याची नोंद होते. माणूस जिल्ह्याच्या रुग्णालयात गेला, तर दाखला तिथल्या पालिकेतून आणावा लागतो. अनेक घरांत तिथेच पहिली अडचण आली. केसपेपरवर नाव एक, आधारवर दुसरं. किंवा मृत्यूच्या कारणात न्यूमोनिया, हृदयक्रिया बंद, एवढंच लिहिलेलं. कोरोनाचा उल्लेखच नाही.

तो उल्लेख का हवा होता? ३० जून २०२१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कोरोनाने गेलेल्यांच्या कुटुंबांना सानुग्रह मदत द्यावीच लागेल, रक्कम राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने ठरवावी. प्राधिकरणाने ५० हजार रुपये ठरवले आणि ते राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून द्यायचे होते. चाचणी बाधित आल्यापासून ३० दिवसांच्या आत झालेला मृत्यू कोरोनाचा धरायचा, मग तो रुग्णालयाबाहेर झाला असला तरी. पुढे ४ ऑक्टोबर २०२१ ला न्यायालयाने आणखी स्पष्ट केलं की दाखल्यावर कोरोना लिहिलेलं नाही एवढ्या एकाच कारणावरून कोणालाही मदत नाकारता येणार नाही. ज्यांची तक्रार असेल त्यांच्यासाठी जिल्ह्यात तक्रार निवारण समिती होती.

म्हणजे रस्ता होता. पण तो मुंबई-दिल्लीच्या कागदांवर होता, आणि अर्ज ऑनलाइन भरायचा होता. दीड एकर रानाच्या मालकिणीला तो कोण सांगणार? इथे सरपंचाचं काम सुरू होतं. आशा सेविकेकडे गावातल्या बाधितांची यादी होती. ग्रामसेवकांकडे गावातली कुटुंबं होती. दोन्ही समोरासमोर ठेवून ‘आपल्या गावातली इतकी माणसं गेली, इतक्यांचे अर्ज गेले, इतक्यांचे राहिले’ असं फळ्यावर लिहिणं, एवढं ज्या गावात झालं तिथे कोणी मागे राहिलं नाही. जिथे झालं नाही, तिथे मुदत निघून गेली. कारण २४ मार्च २०२२ ला न्यायालयाने मुदत घातली: २० मार्च २०२२ पूर्वीच्या मृत्यूंसाठी ६० दिवस, नंतरच्यांसाठी ९० दिवस. त्यानंतर अडलेल्याने तक्रार समितीकडे जायचं. जो लोकप्रतिनिधी त्या दोन महिन्यांत घरोघरी फिरला, त्याने अनेक घरांना ५० हजार मिळवून दिले. हे काम कोणत्याही उद्घाटनाच्या पाटीवर कोरलेलं नाही, तरी मला ते कोणत्याही सभामंडपापेक्षा मोठं वाटतं.

दाखला हाती आला की पुढचे दरवाजे उघडतात. शेतजमिनीवर वारस नोंद घालायला तलाठ्याकडे अर्ज (हल्ली या पदाला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात). हिंदू वारसा कायद्याप्रमाणे बायको, मुलगा, मुलगी आणि मृताची आई, सगळे पहिल्या वर्गाचे वारस; सगळ्यांचा वाटा सारखा. नोटीस लागते, १५ दिवस हरकतीसाठी असतात, मग फेरफार मंजूर होतो. कागदावर हे सरळ आहे. घरात मात्र नेमकं याच वेळी ‘तू आता एवढी सही करून टाक’ म्हणत हक्कसोड पत्र पुढे येतं. दुःखात असलेल्या बाईला त्या सहीचा अर्थ कळत नाही. सरपंचाला यात कायद्याचा काही अधिकार नाही. तो वाटणी करू शकत नाही. पण चारचौघांत तो म्हणू शकतो, वहिनी, वाचल्याशिवाय सही करू नका, आधी वारस नोंद होऊ द्या. गावात या वाक्याला वजन असतं. काही सरपंच हे बोलले. काहींनी भाऊबंदकीच्या मतांकडे बघून तोंड मिटलं.

राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला कर्ता माणूस १८ ते ५९ वयात गेला तर एकदाच २० हजार मिळतात. संजय गांधी निराधार योजनेतून विधवेला दरमहा १,५०० रुपये मिळतात, पण कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा आहे २१ हजार. आजच्या मजुरीच्या दरात २१ हजार म्हणजे किती, हे कोणीही मोजून बघावं. ही मर्यादा वाढवणं सरपंचाच्या हातात नाही, तो आमदारांचा आणि मंत्रालयाचा विषय आहे. पण ग्रामसभेने ठराव करून वर पाठवता येतो.

मुलांचं काय

दोन्ही पालक गेलेल्या मुलांसाठी २०२१ मध्ये राज्याने ५ लाखांची मुदत ठेव जाहीर केली, केंद्राने पीएम केअर्समधून १० लाखांची तरतूद केली. त्याची बातमी झाली, ते योग्यच होतं. पण एक पालक गेलेली मुलं त्याहून कितीतरी जास्त होती. त्यांच्यासाठी आधीपासूनच असलेली बालसंगोपन योजना कामी आली. आता तिचं नाव क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. २०२३ पासून दर मुलामागे महिन्याला २,२५० रुपये, वयाच्या १८ व्या वर्षापर्यंत. आपल्या बाईला दोन मुलांचे ४,५०० मिळू शकतात. घरखर्च त्यात भागत नाही, पण मुलीची शाळा सुटत नाही.

ही योजना मिळायला जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात अर्ज, गृहचौकशी, मग बालकल्याण समितीचा आदेश, असा प्रवास आहे. तालुक्याच्या गावाहून जिल्ह्याला दोन-तीन हेलपाटे म्हणजे तेवढ्या दिवसांची मजुरी बुडते. म्हणून ऑगस्ट २०२१ मध्ये राज्याने ‘मिशन वात्सल्य’ आणलं. तहसीलदारांच्या अध्यक्षतेखाली तालुक्यात समिती, त्यात सगळ्या खात्यांची माणसं, आणि कोरोनात पती किंवा पालक गमावलेल्यांपर्यंत योजना पोहोचवायच्या. ही कल्पना आपोआप आली नाही. हेरंब कुलकर्णी आणि त्यांच्याबरोबरच्या कार्यकर्त्यांनी कोरोना एकल महिला पुनर्वसन समितीच्या रूपाने तिचा पाठपुरावा केला होता. समितीची बैठक नियमित झाली त्या तालुक्यात याद्या पुढे सरकल्या. बैठक व्हावी म्हणून तहसीलदारांच्या मागे लागणं हे पंचायत समिती सदस्याचं, सरपंचाचं काम. लागले तर झालं.

गावातही एक समिती असते, ग्राम बालसंरक्षण समिती. अध्यक्ष सरपंच, सोबत अंगणवाडी सेविका. बहुतेक गावांत ती फक्त रजिस्टरमध्ये आहे. साथीच्या काळात शाळा बंद, घरात पैसा नाही, लग्न पाच माणसांत उरकता येतं, या तीन गोष्टी एकत्र आल्या आणि कितीतरी मुलींची लग्नं घाईने लावली गेली. गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे ग्रामसेवक (२०२४ पासून ग्रामपंचायत अधिकारी). त्यांच्या पाठीशी सरपंच उभा राहिला तर ते लग्न थांबवू शकतात. एकटे पडले तर गावाशी वाकडं कोण घेणार?

हेरवाडचा ठराव

आता एका गावाबद्दल थोडं सविस्तर. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यात हेरवाड आहे. मे २०२२ मध्ये तिथल्या ग्रामसभेने ठराव केला की पती गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं हे आपल्या गावात होणार नाही. सरपंच होते सुरगोंडा पाटील. मूळ विचार मांडला होता सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळ्याचे कार्यकर्ते प्रमोद झिंजाडे यांनी. मागोमाग हातकणंगले तालुक्यातल्या माणगावने तसाच ठराव केला. १७ मे २०२२ ला ग्रामविकास विभागाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनीही हेरवाडचं अनुकरण करावं असं सांगितलं.

कोणी विचारेल, याचा साथीतून सावरण्याशी काय संबंध? खूप आहे. कोरोनाने तिशी-चाळिशीतली माणसं नेली. त्यांच्या मागे राहिलेल्या बायका तरुण होत्या. ज्या बाईला हळदी-कुंकवाला बोलावत नाहीत, शुभकार्यात मागे उभं करतात, तिने बचत गटाच्या बैठकीत पुढे बसायचं कसं, बँकेत जायचं कसं, ग्रामसभेत उठून बोलायचं कसं? आपल्या गोष्टीतली बाई ग्रामपंचायतीच्या पायऱ्या चढली खरी, पण कितीतरी जणींना दिराला किंवा सासऱ्याला पाठवावं लागलं, आणि मग कागदांवर नावंही त्यांचीच चढली.

ग्रामसभेचा ठराव म्हणजे काही कायदा नव्हे. तो मोडला म्हणून कोणाला तुरुंगात टाकता येत नाही. त्याची ताकद वेगळी आहे. अंत्यविधीच्या वेळी एखादी वयस्कर बाई बांगड्या फोडायला पुढे आली, की दुसरी म्हणू शकते, थांबा मावशी, गावाने ठरवलंय. त्या क्षणी ‘गावाने ठरवलंय’ हे शब्द फार उपयोगी पडतात. आणि ते शब्द फक्त निवडून आलेली ग्रामपंचायत आणि भरलेली ग्रामसभाच देऊ शकते. कोणताही अधिकारी ते देऊ शकत नाही.

पैसा येतो कुठून

गावाकडे थेट येणारा मोठा पैसा म्हणजे केंद्रीय वित्त आयोगाचं अनुदान. पंधराव्या आयोगाने २०२१-२२ ते २०२५-२६ या पाच वर्षांसाठी देशभरातल्या स्थानिक स्वराज्य संस्थांना मिळून ४ लाख ३६ हजार ३६१ कोटी रुपयांची शिफारस केली. त्यातले २,३६,८०५ कोटी पंचायतींसाठी, १,२१,०५५ कोटी शहरांसाठी, आणि ७०,०५१ कोटी खास आरोग्यासाठी. हा शेवटचा आकडा साथीचा थेट परिणाम आहे. उपकेंद्रांच्या इमारती, प्राथमिक आरोग्य केंद्रांत तपासणीची सोय, तालुका पातळीवर सार्वजनिक आरोग्याचं पथक, शहरातले वस्ती-दवाखाने, यांसाठी तो होता. तुमच्या उपकेंद्राच्या भिंतीला नवा रंग लागला असेल तर तो कदाचित यातूनच आला असेल. आत परिचारिका आहे का, हे मात्र जाऊन बघावं लागेल, कारण इमारतीचा पैसा आणि नेमणुकीचा पैसा वेगवेगळ्या वाटांनी येतो.

महाराष्ट्रात पंचायतींच्या या वाट्यातले ८० टक्के ग्रामपंचायतीला, १० टक्के पंचायत समितीला, १० टक्के जिल्हा परिषदेला जायचे. त्यातही बंधन होतं. ६० टक्के रक्कम बंधित: निम्मी स्वच्छतेवर, निम्मी पिण्याच्या पाण्यावर. उरलेली ४० टक्के अबंधित, म्हणजे गावाने आपली गरज बघून खर्च करायची. पगारावर मात्र नाही. सरपंच जेव्हा म्हणतात ‘पैसे आहेत पण त्याला वापरता येत नाहीत’, तेव्हा ते बहुतेक वेळा खरं सांगत असतात. मात्र त्या ४० टक्क्यांचं काय केलं हा प्रश्न तुम्ही हक्काने विचारू शकता. बहुतेक ठिकाणी उत्तर असतं: सिमेंटचा रस्ता, पेव्हर ब्लॉक, गटार. वाचनाचा वर्ग, अंगणवाडीची दुरुस्ती, बायकांसाठी शिलाई किंवा दालमिलचं प्रशिक्षण हे त्याच पैशातून होऊ शकतं, पण आधी ते ‘आमचा गाव, आमचा विकास’ आराखड्यात असावं लागतं. आराखड्यात नाही, तर खर्च नाही. आराखडा मंजूर करते ग्रामसभा. तो आणि त्यावरचा खर्च ई-ग्रामस्वराज या शासनाच्या संकेतस्थळावर कोणालाही मोबाइलवर बघता येतो.

दुसरा पैसा गावाचा स्वतःचा, घरपट्टी-पाणीपट्टीचा. त्यातला १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला-बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचाच असतो. लहान गावाची घरपट्टीच थोडी, आणि साथीत वसुली थकली, त्यामुळे हा आकडा छोटा असतो. पण छोट्या आकड्यातूनही चार बायकांच्या प्रशिक्षणाचं बसभाडं निघतं.

शाळेत हरवलेले वीस महिने

आपल्या बाईचा मुलगा जून २०२० मध्ये पहिलीत गेला. म्हणजे नाव पटावर गेलं. तो गेला नाही. मार्च २०२० पासून शाळा बंद होत्या आणि ग्रामीण भागातले पहिली ते चौथीचे वर्ग उघडले १ डिसेंबर २०२१ ला. तोवर तो दुसरीत होता. आयुष्यात पहिल्यांदा वर्गात बसला तो दुसरीच्या अर्ध्यावर. जून २०२२ मध्ये तिसरीत.

याच तिसरीच्या मुलांची ‘असर’ या देशव्यापी ग्रामीण पाहणीने २०२२ मध्ये तपासणी केली. दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी तिसरीची मुलं २०१८ मध्ये २७.३ टक्के होती, ती २०.५ टक्क्यांवर आली. २०२४ च्या पाहणीत तिसरीचा आकडा पुन्हा २७.१ झाला, म्हणजे जिथून घसरला होता तिथे परत आला. ऐकायला बरं वाटतं. पण २०२४ ची तिसरी म्हणजे वेगळी मुलं, साथीनंतर शाळेत आलेली. आपला मुलगा तोवर पाचवीत पोहोचला होता, आणि पाचवीच्या मुलांपैकी तोच दुसरीचा मजकूर वाचू शकत होती ४८.८ टक्के. निम्म्याहून कमी. त्याच्या तुकडीचं जे हरवलं ते आपोआप भरून आलेलं नाही, आणि ती मुलं आता मोठ्या वर्गांत बसून न कळणारी पुस्तकं उघडत आहेत. मला या मुलांची सगळ्यात जास्त काळजी वाटते. मेलेल्यांची नोंद होते, अनाथांची यादी होते, यांची होत नाही.

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक नेमणं सरपंचाच्या हातात नाही. पण शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे प्रत्येक शाळेला व्यवस्थापन समिती आहे, तिच्यात ७५ टक्के पालक आणि निम्म्या महिला असतात, ग्रामपंचायतीचा प्रतिनिधीही असतो. ही समिती विचारू शकते, आमच्या शाळेतल्या किती मुलांना अजून जोडाक्षरं वाचता येत नाहीत? संध्याकाळी मंदिरात किंवा समाजमंदिरात तासभर वाचन घ्यायला बारावी झालेल्या दोन मुली पुरतात. त्यांचं मानधन ग्रामपंचायतीने कसं द्यायचं हे आराखड्यात आधीच ठरवावं लागतं. म्हणून मघाशी आराखड्यावर इतकं लिहिलं.

आणि शहरात?

शहरातली गोष्ट वेगळ्या तऱ्हेने बिघडली. साथ ओसरली आणि सावरायची वेळ आली, नेमके तेव्हाच नगरसेवक नाहीसे झाले. मुंबई महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली, पुण्याची १४ मार्चला. औरंगाबाद आणि नवी मुंबईत तर २०२० पासूनच प्रशासक होते. ओबीसी आरक्षणाचा खटला, प्रभागांची फेररचना यांत निवडणुका अडकल्या. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्याच म्हणून सांगितलं आणि महापालिकांसाठी मतदान झालं ते जानेवारी २०२६ मध्ये. मधली जवळजवळ चार वर्षं अर्थसंकल्प मांडणारा आयुक्त आणि तो मंजूर करणारा प्रशासक ही एकच व्यक्ती होती. बहुतेक जिल्हा परिषदांतही मार्च २०२२ पासून हीच स्थिती. त्याचा फटका पैशालाही बसला, कारण वित्त आयोगाचं अनुदान रीतसर निवडून आलेल्या संस्थेलाच द्यायचं अशी अट आहे.

मग चाळीतली, वस्तीतली माणसं कोणाकडे गेली? माजी नगरसेवकाकडेच. त्याच्याकडे पद नव्हतं, सही नव्हती, निधी नव्हता, पण ओळख होती. पथविक्रेत्यांचं उदाहरण घ्या. टाळेबंदीत ज्यांचा धंदा बुडाला त्यांच्यासाठी जून २०२० मध्ये पीएम स्वनिधी योजना आली. पहिलं कर्ज १० हजार, फेडलं की २० हजार, मग ५० हजार, व्याजात ७ टक्के सवलत. २०२५ मध्ये पहिल्या दोन रकमा १५ आणि २५ हजार झाल्या. पण त्यासाठी फेरीवाला म्हणून पालिकेचं ओळखपत्र हवं, नाहीतर शिफारसपत्र. सर्वेक्षणात नाव सुटलेल्या भाजीवालीला ते शिफारसपत्र मिळवून देणं, ही मदत माजी नगरसेवकांच्या कार्यालयांतून झाली. तिला कर्ज मिळालं, तरी संध्याकाळी तिची गाडी उचलून नेणारी गाडीही त्याच पालिकेची. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने शहर फेरीवाला समिती सांगितली आहे, तिच्यात ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावेत. आता नगरसेवक परत आले आहेत, तर त्यांना पहिला प्रश्न हाच विचारायला हवा: आपल्या शहरातली ही समिती कधी बसते, आणि आपल्या प्रभागात बसायच्या जागा तिने ठरवल्या का?

परत त्या पायऱ्यांपाशी

महाराष्ट्रात वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात आणि त्याआधी महिलांची सभा. साथीत त्यांना स्थगिती होती, आता ती नाही. आपल्या बाईने महिला सभेत अर्ज द्यावा, तोही लेखी, आणि त्याची पोच घ्यावी. तोंडी सांगितलेलं इतिवृत्तात येत नाही आणि इतिवृत्तात नसलेलं कोणी पुढे नेत नाही. ठराव झाला की त्याचा क्रमांक लिहून घ्यावा. पुढच्या सभेत ‘त्या अमुक क्रमांकाच्या ठरावाचं काय झालं’ असं विचारलं की उत्तर देणं भाग पडतं.

एक काम तर पूर्णपणे गावातच होण्यासारखं आहे. राहतं घर ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये नोंदलेलं असतं. तो घरपट्टीचा उतारा आहे, मालकीचा अंतिम पुरावा नाही. पण घरकुलाच्या अर्जाला, वीजजोडणीला, कर्जाला तोच मागतात. लक्ष्मीमुक्ती योजनेतून सातबारावर बायकोचं नाव लावायची सोय १९९२ पासून आहे, आणि घर दोघांच्या नावे लावायची मोहीमही अनेक गावांनी राबवली. जिथे ती राबवली नाही, तिथे घर अजून गेलेल्या माणसाच्या किंवा त्याच्याही वडिलांच्या नावे आहे. मृत्यूचा दाखला, वारसांचे कागद आणि अर्ज जोडला की विषय मासिक सभेपुढे येतो, सदस्य मंजुरी देतात, ग्रामपंचायत अधिकारी नोंद बदलतात. त्याला मंत्रालय लागत नाही, जिल्हाधिकारी लागत नाहीत, निधीही लागत नाही. पुढच्या वेळी घरपट्टीची पावती येईल तेव्हा तिच्यावर सासूचं, मुलांचं आणि तिचं स्वतःचं नाव असेल, आणि ती पावती ती त्याच प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट घडी करून ठेवेल.